ताईचा वेगळा पासवर्ड

बाबांनी जमिनीचे सगळे कागद स्कॅन करून ठेवले होते. सातबारे, फेरफार, पणजोबांच्या वेळची मोडीतली खरेदीखतं. बॅकअपही होता, हार्ड डिस्कबरोबर फुकट आलेल्या सॉफ्टवेअरने घेतलेला. बाबा गेल्यावर वारसनोंदीसाठी डिस्क जोडली. डिस्क ठणठणीत, पण आत एकच अगडबंब फाईल. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला ती ओळखता येईना आणि जुनी आवृत्ती कंपनीने केव्हाच काढून टाकलेली. अखेर एका मित्राच्या अडगळीतल्या लॅपटॉपवर ती उघडली, तर फायलींच्या देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं झालेली! कोणता उतारा कुठल्या गटाचा, हे एकेक उघडून बघत बसलो.

आपलेच कागद बघायला कुणा कंपनीची मर्जी का सांभाळायची? म्हणून मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलो.

सुरुवात केली आरसिंकपासून. १९९६ पासून चालत आलेलं हे साधन फक्त बदललेल्या फायली पाठवतं आणि पलीकडे साध्या फायलीच ठेवतं, त्यामुळे त्या कुठेही उघडतात. मात्र ती हुबेहूब नक्कल असते. इकडे फाईल बिघडली की पुढच्या फेरीत बिघडलेलीच तिकडे जाते, आणि ‘डिलीट’चा पर्याय लावला असेल तर इकडे पुसलेली तिकडूनही पुसली जाते. शिवाय कुलूप नाही. डिस्क चोरीला गेली तर आधार, पॅन, जमिनीचे कागद सगळं उघड्यावर.

म्हणून रेस्टिक घेतलं. ते फायलींचे तुकडे करतं, सारखा तुकडा एकदाच साठवतं आणि सगळं एईएस-२५६ने कूटबद्ध करतं. त्यामुळे पहिला बॅकअप रात्रभर चालला, तरी नंतरचे चहा होईपर्यंत उरकतात. प्रत्येक वेळची स्थिती तारखेनिशी वेगळी राहते. साचाही रेस्टिकचा स्वतःचाच आहे, पण त्याचं वर्णन आणि सोर्स कोड दोन्ही खुले. मी डिस्कवर बॅकअपशेजारीच रेस्टिकच्या विंडोज आणि लिनक्सच्या प्रती, सोर्स कोड आणि मराठीत लिहिलेली ‘आधी वाचा’ अशी फाईल ठेवली आहे.

‘चेक’ हा हुकूम दिला की रेस्टिक स्वतःची तपासणी करतं, पण सगळा डेटा वाचून बघायचा तर ‘रीड-डेटा’ वेगळं सांगावं लागतं. त्यानेही माझं समाधान होत नाही. अधूनमधून एखादा फेरफार रिकाम्या फोल्डरमध्ये परत काढतो, उघडतो, शिक्का वाचता येतो का बघतो. हे कंटाळवाणं काम आहे. लोक नेमकं हेच टाळतात.

एक डिस्क माझ्याकडे, दुसरी नाशिकला ताईकडे. सगळं ऐकून तिने विचारलं, “आणि तुला काही झालं तर? पासवर्ड कोण सांगणार?”

प्रश्न रास्त होता. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की डेटा गेलाच, मागचा दरवाजा नाही. पण एकाच बॅकअपला अनेक पासवर्ड देता येतात. ‘की अॅड’ करून तिला तिचा स्वतःचा दिला. तो तिने वहीत लिहिला आणि वही दागिन्यांच्या लॉकरमध्ये टाकली. सुरक्षातज्ज्ञ नाक मुरडतील, मुरडोत.

मग मी शेजारी नुसता बसलो आणि तिने एकटीने, माझी फाईल वाचत, बाबांचा एक सातबारा काढला. गट नंबर मोठ्याने वाचून दाखवला.

“आणि माझ्या लग्नाचे फोटो?”

“ते तुझ्याच लॅपटॉपवर आहेत ना?”

“मग त्यांचाही घे. आत्ताच घे, जेवण नंतर.”