बाकावर बसवलेले खेळाडू

आमच्या घरात एक फुटबॉलचा क्लब आहे, असे सांगितले तर वाचक बंधू-भगिनी हसतील. दोन खोल्यांच्या घरात क्लब कुठून आला? पण गोष्ट खरी आहे. हा क्लब मोबाईलमध्ये आहे. त्याला मैदान आहे, खेळाडू आहेत, जमाखर्चाची वही आहे आणि काही काळापूर्वी त्या वहीत कर्जही होते. तो क्लब कर्जातून कसा निघाला आणि आपल्या गटात पहिला कसा आला, ते आज सांगावयाचे आहे. कारण तो हिशेब करता करता आमच्या घराचाही एक हिशेब निघाला, आणि तो आमच्या अंगावर आला.

या खेळाचे नाव हॅटट्रिक. १९९७ साली स्वीडन देशात तो सुरू झाला आणि आज इंटरनेटवरून जगभरचे लोक तो खेळतात. भारतातल्या क्लबांची त्यात वेगळी साखळी आहे. यात चेंडूला लाथ मारायची नसते. आपण क्लबचे व्यवस्थापक. कोणाला खेळवायचे, कोणाला विकायचे, कशाचा सराव द्यायचा, पैसा कुठे घालायचा, हे आपण ठरवायचे. एका गटात ८ संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे १४ साखळी सामने. १६ आठवड्यांचा एक मोसम. खेळातला खेळाडू तेवढ्यात एका वर्षाने मोठा होतो. सामना डोळ्यांना दिसत नाही. कितव्या मिनिटाला काय झाले ते ओळीओळीने लिहून येते.

नागपूर-कामठीकडे फुटबॉल काही नवा नाही. आपल्या वस्त्यांतल्या पोरांचे फुटबॉल २०२२ साली ‘झुंड’ सिनेमातून साऱ्या देशाने पाहिले. आम्हाला मात्र त्यातले फारसे कळत नव्हते. पण लिहून येणारा सामना घरात मोठ्याने वाचून दाखवायचे काम आमच्याकडे आले आणि चष्मा लावून वाचता वाचता आम्हीही त्यात गुंतलो.

क्लब काढला आमच्या थोरल्या मुलाने. पोरगा हुशार, पण घाईचा. पहिल्याच मोसमात त्याने सगळी शिल्लक घालून ३१ वर्षांचा एक नावाजलेला आघाडीपटू घेतला. तो गोल करी, आम्ही टाळ्या वाजवू. पण खेळाडूंचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो आणि साखळीतल्या तिकिटांचा पैसा येतो तो सामना आपल्या मैदानावर असेल तेव्हाच. एक आठवडा भरलेला, दुसरा रिकामा. पगारदार माणसाच्या घरात महिन्याची अखेर जशी असते तसेच ते. शिवाय तिशी उलटली की खेळाडूचे कसब उतरू लागते. म्हणजे ज्या मालाला सर्वांत जास्त भाव दिला त्याचाच भाव दर महिन्याला घसरत होता. शिल्लक संपली, कर्ज झाले, कर्जावर व्याज लागले. व्याजाचे नाव काढले की आमच्या पिढीच्या अंगावर काटा येतो. या खेळातही कर्ज ठरावीक मर्यादेपलीकडे गेले आणि फिटले नाही तर क्लब बुडतो. मुलगा कंटाळला. “बंद करून टाकतो,” म्हणाला.

तेव्हा आमची लेक पुढे झाली. ती एका दुकानात बिले करण्याचे काम करते. संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायची, मग अर्धा तास मोबाईल. ती म्हणाली, “दादा, बंद करू नको, मला दे.” तिने पुढे ३ मोसम, म्हणजे ४८ आठवडे, जे केले ते इथे क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी मुले हा खेळ खेळत असतील त्यांना ते उपयोगी पडेल.

तिने पहिल्याच आठवड्यात तो ३१ वर्षांचा खेळाडू विकायला काढला. थोरला रागावला, दोन दिवस बोलला नाही. इथे खेळाडूंची विक्री लिलावाने होते. लिलाव ३ दिवस चालतो आणि खरी बोली शेवटच्या काही मिनिटांत चढते. आलेल्या पैशातून तिने आधी कर्ज फेडले. उरलेल्यात १७-१८ वर्षांची मुले घेतली. घेताना आपला आकडा ती आधी कागदावर लिहून ठेवी आणि बोली त्यापुढे गेली की सोडून देई. एकदा थोरला शेजारी बसून “अजून थोडे टाक, अजून थोडे टाक” म्हणत होता. तिने मोबाईल पालथा ठेवला आणि चहा टाकायला उठली.

दुसरी गोष्ट सरावाची, आणि या खेळाची किल्ली तिथेच आहे. क्लबला एका आठवड्यात एकाच मुख्य कसबाचा सराव घेता येतो. गोलरक्षण, बचाव, बगलेवरचा खेळ, पास देणे, गोल करणे, अशी निरनिराळी कसबे आहेत. मुलगा दर आठवड्याला सराव बदलायचा. आज बचाव, उद्या गोल. त्यामुळे कोणतेच धड वाढले नाही. लेकीने एकच धरले, प्लेमेकिंग, म्हणजे मधल्या फळीत खेळ रचण्याचे कसब. कारण ज्याची मधली फळी भारी त्याच्याकडे चेंडू जास्त वेळ राहतो आणि गोलच्या संधी त्यालाच जास्त मिळतात. लहान वयाचा खेळाडू लवकर शिकतो, वय वाढले की तेच शिकायला जास्त आठवडे लागतात. म्हणून १७-१८ वर्षांच्या मुलांना शिकवायचे आणि तयार झालेल्यांपैकी एखाद-दुसरा विकून क्लब चालवायचा. घरातला पैसा संपतो. शिकवलेल्या माणसाची किंमत मात्र वाढत जाते.

पण एक नियम असा की सरावाचा लाभ सामन्यात त्या जागेवर खेळलेल्या खेळाडूलाच मिळतो. मधल्या फळीच्या सरावात मधले ३ खेळाडू पुरा लाभ घेतात, बगलेवरच्या दोघांना साधारण अर्धा मिळतो. बाकीच्यांना जवळजवळ काही नाही. एका आठवड्यात ९० मिनिटे झाली की त्या खेळाडूचा कोटा भरला. त्याला दुसऱ्या सामन्यात पुन्हा खेळवून वाढीव काही पदरात पडत नाही. आठवड्यात सामने दोन. सुटीच्या दिवसांत साखळीचा आणि मधल्या वारी चषकाचा किंवा मैत्रीचा. आमचा मुलगा दोन्ही सामन्यांत तेच ११ जण उतरवी. लेकीने साखळीच्या सामन्यात मधल्या फळीत ३ जण उतरवले आणि मैत्रीच्या सामन्यात दुसरे ३. म्हणजे तेवढ्याच खर्चात ३ च्या जागी ६ जण शिकले. मैत्रीचे सामने आम्ही बहुतेक हरलो. तिला त्याचे काही वाटले नाही.

एका बुधवारी असाच ५ गोलांनी हरलेला सामना वाचून दाखवताना आम्ही वैतागून म्हणालो, “अगं, चांगले खेळणारे घरी बसवून ही कच्ची पोरे का उतरवतेस?”

ती पोळपाट धूत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, बाकावर बसवलेला खेळाडू कधीच शिकत नाही. तो कच्चा आहे म्हणून खेळवत नाही, आणि खेळवत नाही म्हणून तो कच्चाच राहतो.”

ती खेळाबद्दलच बोलत होती. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पण आम्ही मोबाईल खाली ठेवला.

त्याचे कारण असे. दोन वर्षांपूर्वी लेक बारावी शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी पास झाली. त्या वेळी थोरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. आमची नोकरीची शेवटची वर्षे होती आणि पतसंस्थेचा हप्ता चालू होता. आम्ही म्हणालो, “यंदा थांब, पुढच्या वर्षी पाहू.” पुढच्या वर्षी थोरल्याचे शेवटचे वर्ष होते. तेव्हाही तेच म्हणालो. ती रडली नाही, भांडली नाही. दुकानात लागली आणि पगार आईच्या हाती देऊ लागली. बँकेत तिच्या नावाने पैसा होता, पण तो तिच्या लग्नासाठी राखला होता. तो शिक्षणासाठी मोडावा असे आमच्या मनातही आले नाही.

आणि हे कोणी केले? दर जयंतीला विहारात उभे राहून बोलणाऱ्या आम्ही! २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, समाज किती पुढे गेला ते आपण त्या समाजातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो. हे आम्ही माईकवरून किती वेळा सांगितले असेल! माईक खाली ठेवून घरी आलो की घरातले मोजमाप वेगळे होते.

त्या रात्री आम्ही पत्नीला हे बोलून दाखवले. ती एवढेच म्हणाली, “पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला अजून पेटीतच आहे. मी दर दिवाळीला पेटी आवरताना बघते.” दोन वर्षे तिला हे ठाऊक होते. आम्ही विचारले नाही, म्हणून तिने सांगितले नाही. म्हणजे बाकावर एक नाही, दोघी बसल्या होत्या.

असो. क्लबाकडे वळू. तिसरी गोष्ट जोर किती लावायचा याची. प्रत्येक सामन्याआधी व्यवस्थापकाला सांगावे लागते की हा सामना सहज घ्या, नेहमीसारखा खेळा, की मोसमातला सर्वांत महत्त्वाचा समजून खेळा. थोरला दरवेळी महत्त्वाचा म्हणायचा. त्या दिवशी संघ जोरात खेळतो, पण नंतर संघभावना खाली येते आणि पुढचे सामने जड जातात. लेक दुबळ्या संघाशी सहज खेळवी, संघभावना साठवी आणि मोसमात एक-दोनदाच, चढाओढीच्या संघाविरुद्ध, सगळा जोर लावी. विहारात वर्षावासात ऐकलेली सोण थेराची कथा आम्हाला आठवली. फार ताणलेली वीणेची तार वाजत नाही, फार ढिलीही वाजत नाही, हे भगवंतांनी त्याला समजावले होते. अभ्यास करणाऱ्या मुलांच्या आईबापांनीही ती कथा लक्षात ठेवावी.

चौथी गोष्ट लहान, पण कामाची. क्लबाला किशोरांचा संघही ठेवता येतो. तिथे १५ वर्षांची मुले येतात. १७ पूर्ण झाल्यावर त्यांना मोठ्या संघात घेता येते. या मुलांचे गुण बरेचसे झाकलेले असतात. सामने आणि सराव दिला की ते हळूहळू दिसू लागतात. नुसते बघून कोणाला हाकलू नये. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दारातूनच परत पाठवले गेले, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आईबापांनी आणखी एक लक्षात ठेवावे. या खेळात पैसे भरून काही सोयी मिळतात, पण त्याने संघ बलवान होत नाही. फुकट खेळणारा आणि पैसे भरणारा मैदानावर सारखेच. काही खेळ असे आहेत की पैसे टाका आणि लवकर जिंका. त्यांच्यापासून मुलांना जपावे.

पहिल्या मोसमात आमचा संघ पाचवा आला, दुसऱ्यात तिसरा. यंदा तिसऱ्या मोसमात शेवटचा साखळी सामना जिंकून पहिला आला. तो सामना वाचताना आमचा आवाज चढला आणि शेजारच्या काकू काय झाले म्हणून डोकावून गेल्या. विजयी गोल केला तो मैत्रीच्या सामन्यात ५ गोलांनी हरलेल्या त्या पोरांपैकी एकाने.

पण त्याआधी, जून महिन्यातच, आम्ही बँकेतला तो लग्नाचा पैसा मोडला. लेकीने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. दोन वर्षांच्या खंडामुळे गॅप सर्टिफिकेट लागले. ते काढायला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडून शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला थोरल्याने तीन दिवस रजा घेऊन खेटे घातले. आम्ही त्याला सांगितले नव्हते. वर्गात ती सर्वांत मोठी आहे, आणि पहिल्या चाचणीत गणितात मागे पडली. रात्री वही घेऊन बसते. दोन वर्षे गेली ती गेलीच, ती आम्ही परत देऊ शकत नाही. १७ व्या वर्षी जे लवकर येते त्याला २० व्या वर्षी जास्त दिवस लागतात, हे तिने आम्हाला खेळात शिकवले होते. आता ती ते स्वतः भोगते आहे, आमच्यामुळे.

क्लब आता वरच्या गटात खेळतो आहे. सराव अजून मधल्या फळीचाच आहे. सध्या बुधवारचा संघ आम्ही उतरवतो, कारण लेकीला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल असते. तिने कागदावर ३ नावे लिहून भिंतीला लावली आहेत आणि खाली लिहिले आहे : “बाबा, हरलो तरी चालेल, यांनाच खेळवा.”

वाचक बंधू-भगिनींना आमची एकच विनंती आहे. आज रात्री जेवायला बसल्यावर आपल्या घरात बाकावर कोण बसले आहे ते एकदा पाहा. आणि पेटी उघडण्यासाठी दिवाळीची वाट पाहू नका.

जय भीम!