आधी साका ओळखा

फिल्म धुण्याच्या टँकवर जमणारा प्रत्येक साका निराळा असतो. तो ओळखल्याशिवाय त्यावर औषध घालू नये, हे माझं ठाम मत.

नाशिकच्या जमिनीखाली काळा बेसाल्ट. बोअरचं पाणी त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. डेव्हलपरमधल्या कार्बोनेटशी, सल्फाइटशी त्याची गाठ पडली की टँकच्या आतून पांढरट, खरखरीत थर धरतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून भिजत ठेवलं की तो सुटतो. घासू मात्र नये. प्लास्टिकवर ओरखडे उमटतात आणि पुढचा थर तिथेच घट्ट बसतो. रिळाच्या खाचा तेवढ्या मऊ ब्रशने, गरम पाण्यात धुवाव्यात. शेवटच्या धुण्यातलं वेटिंग एजंट तिथे चिकटून राहतं आणि मग फिल्म चढवताना मध्येच अडकते.

तपकिरी डाग म्हणजे डेव्हलपरमधलं, हवेने जळालेलं हायड्रोक्विनोन. काळपट, चकाकता थर म्हणजे चांदी. तिचे कण सुटून इमल्शनवर बसले की प्रिंटवर पांढरे ठिपके येतात. इथे लिंबूसत्त्वाचं काही चालत नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात अगदी थोडं सल्फ्युरिक ॲसिड लागतं. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. नंतर उरणारी तपकिरी छटा सोडियम मेटाबायसल्फाइटने जाते. जुन्या पुस्तकांत डायक्रोमेटची कृती सापडते. ती करू नये. त्यातल्या क्रोमियमने कर्करोग होऊ शकतो.

हे काम करताना मला दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाच्या वेळी फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं यांत त्यांचा हात होता. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचं स्मारक आहे. सरस्वतीबाईंच्या त्या फिल्म धुण्याची आठवणही तिथे मोठ्या अक्षरांत असावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक विनंती. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो मोरीत ओतू नका. आपल्या मोऱ्यांची वाट शेवटी गोदावरीकडेच जाते. साध्या लोखंडाची स्टील वूल त्यात काही दिवस बुडवून ठेवा. चांदी खाली बसते. ती गाळून ठेवा आणि उरलेलं पाणी घातक कचरा म्हणून वेगळं द्या.