गाणं जरा हळू म्हणू या

मैत्रिणींनो, वरातीचा बँड जवळ आला की कानांवर हात दाबून किंचाळणारं एखादं मूल तुमच्याही पाहण्यात असेल. "आईनं लाडावून ठेवलंय," असं लगेच कुणीतरी बोलून जातं. माझ्या धाकट्या जावेनं हे इतक्यांदा ऐकलं, की लग्न, कीर्तन, गणपतीची आरती, कुठं म्हणून जायचं तिनं सोडलं. तिचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. आपल्याला जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो त्याला टोचतो. आणि गंमत अशी, की गाण्याचं त्याला भारी वेड! घरी मी पेटी काढली की तिला गाल टेकवून बसतो.

अशा मुलांसाठी परदेशात वेगळे प्रयोग होतात. न्यूयॉर्कला २०११ साली 'द लायन किंग' या संगीत नाटकाचा असा प्रयोग झाला. दचकवणारे आवाज आणि झगझगीत दिवे कमी केले, बाहेर शांत कोपरा ठेवला. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि सांस्कृतिक जीवनातला त्यांचा वाटाही त्यात मानला आहे. पण कायदा काही आपल्या ओसरीवर येऊन सतरंजी घालत नाही. ती आपणच घालायची!

म्हणून गेल्या थंडीत इथं पवनानगरला आम्ही घरीच बैठक केली. शनिवार-रविवारी धरणाकाठच्या तंबूंतून स्पीकर वाजतात, म्हणून बुधवारची संध्याकाळ धरली. खर्च काय तो चहाचा. तुम्हीही करून पाहा. माइक नको. पेटी, तबला आणि एक गळा पुरे. टाळांचा आवाज फार तीक्ष्ण, ते बाजूला ठेवा. माणसं दहा-पंधरा, कार्यक्रम अर्ध्या तासाचा. वाद्यं मुलांना आदल्या दिवशी दाखवा, हात लावू द्या. दार उघडं असू द्या. आतल्या खोलीत मंद दिवा नि एक गोधडी ठेवा. टाळ्यांऐवजी नुसते हात हलवा. आणि मुलं फिरतील, बोलतील, त्यांना 'शू' करायचं नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवा.

आमचा पठ्ठ्या चार वेळा अंगणात गेला, चारही वेळा आपणहून परत आला. त्याच्या आईनं मात्र कितीतरी दिवसांनी एक अख्खा अभंग ऐकला, कुणाची माफी न मागता.

तुमच्या आळीतही अशी एखादी आई दार लावून बसली असेल. तिला नुसतं "या हं" म्हणू नका. "मुलाला घेऊन या," म्हणा.