मागे उभा राहणारा हीरो

ऑफिसातून आलो की रात्री ‘डायब्लो २’. माझा नेक्रोमॅन्सर स्वतः लढत नाही, मेलेल्या शत्रूंचे सांगाडे उठवून त्यांना लढायला लावतो. ‘रेझ स्केलेटन’मध्ये २० पॉइंट्स ओतले की ८ सांगाडे, ते दणकट व्हावेत म्हणून ‘स्केलेटन मास्टरी’तही २०. ‘ॲम्प्लिफाय डॅमेज’ला एकच पुरतो! शाप टाकायचा आणि मागे उभं राहायचं.

बायको परवा म्हणाली, ‘‘इथेही मागेच?’’

प्रमोशनचं बॉसशी बोलायचं मी किती महिने टाळतोय, हे तिला पाठ आहे.

‘‘अगं, बिल्डच तसा आहे. पूर्वी तर एकदा टाकलेले पॉइंट्स परतही मिळायचे नाहीत. २०१० च्या पॅचपासून मिळतात.’’

‘‘मग बदल की!’’

बॉसला मेल लिहिलाय. अजून ड्राफ्टमध्येच आहे.