तुकड्यातुकड्यांची झोप आणि अठरा तासांचा अभ्यास

एप्रिल जवळ आला की महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांच्या अभ्यासिकांत सलग १८ तास अभ्यासाचे कार्यक्रम जाहीर होतात. बाबासाहेबांना वाचनातून अभिवादन करण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते. डीजेच्या भिंतींपेक्षा तर कितीतरी जास्त. वर्षातला एक दिवस अठरा तास पुस्तकासमोर बसल्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण अलीकडे या एका दिवसाचा रोजचा दिनक्रम करू पाहणारी पोरं मला भेटू लागली आहेत. त्यांच्या टेबलावर बाबासाहेबांचं चरित्र असतं आणि मोबाईलमध्ये झोपेचं एक वेळापत्रक.

या प्रकाराला इंग्रजीत पॉलिफेजिक स्लीप म्हणतात. म्हणजे रात्री एकसलग न झोपता चोवीस तासांत तुकड्यातुकड्यांनी झोपायचं. त्याचे प्रकारही ठरलेले आहेत. 'उबरमॅन' म्हणजे दर चार तासांनी वीस मिनिटांची डुलकी, दिवसाला सहा डुलक्या, एकूण झोप दोन तास. 'एव्हरीमॅन' त्यातल्या त्यात माणसाळलेला : रात्री तीन-साडेतीन तासांची एक मुख्य झोप आणि दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या तीन डुलक्या. दावा असा की शरीर दोन-तीन आठवड्यांत रुळतं, झोपेतला 'निरुपयोगी' भाग गाळून टाकतं आणि तुम्हाला रोजचे तीन-चार तास फुकट मिळतात. स्पर्धा परीक्षेच्या पोराला हे किती गोड वाटत असेल याची कल्पना करा. ज्याच्याकडे क्लासचे पैसे नाहीत, ज्याला दिवसा काम करावं लागतं, त्याच्याकडे गुंतवायला वेळाशिवाय दुसरं काय आहे?

मी उत्तर नागपुरात वस्तीपातळीवर काम करतो आणि संध्याकाळी एका विहारातल्या अभ्यासिकेत बसतो. तिथल्या तीन-चार पोरांनी विचारलं, "दादा, सुरू करू का?" नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की नुसत्या उपदेशाने कोणाची सवय बदलत नाही. म्हणून एव्हरीमॅन चोवीस दिवस स्वतःवर करून पाहायचं ठरवलं. ओळखीच्या एका डॉक्टर ताईंना विचारून घेतलं आणि त्या काळात गाडी चालवायची नाही हे आधीच पक्कं केलं. रात्री एक ते साडेचार मुख्य झोप. मग सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सात वाजता गजर लावून डुलक्या.

मोजमापही ठेवलं. संध्याकाळी नवीन पुस्तकाची दहा पानं वाचायची, त्यातले वीस मुद्दे अधोरेखित करायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक न उघडता आठवतील तेवढे वहीत लिहायचे. प्रयोगाआधीचा आठवडाभर, सात तासांची झोप घेत असताना, चौदा-पंधरा मुद्दे आठवत होते. पहिल्या सहा दिवसांत मी निव्वळ जिवंत होतो, ते सोडून द्या. दुसऱ्या आठवड्यात खरोखरच बरं वाटू लागलं. टेबलावरचा वेळ दिवसाला अडीच तासांनी वाढला. मध्यरात्रीची ती शांतता, वस्तीतली कुत्रीसुद्धा गप्प, आणि आपण एकटे वाचतोय, याची एक नशा असते हे कबूल केलं पाहिजे. पण वही वेगळंच सांगत होती. आठवणारे मुद्दे दहावर आले, मग आठवर, तिसऱ्या आठवड्यात सहा-सात. वेळ वाढला होता, अभ्यास घटला होता.

एका माणसाच्या वहीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण याला जुळणारा पुरावा आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं आणि रोज त्यांची एकाग्रता तपासली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी घसरत घसरत एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खाली गेली. आणि त्यांना स्वतःला मात्र त्याची फारशी जाणीव नव्हती. 'मी रुळलो' असं सांगणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं. दमलेला मेंदू स्वतःचा दमलेपणा मोजायलाही दमलेलाच असतो. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने अशा वेळापत्रकांवरचं उपलब्ध संशोधन तपासलं. त्यांचा निष्कर्ष : फायद्याला पुरावा नाही, तोट्याला आहे.

कारणही फार गूढ नाही. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी चालते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो, स्वप्नांच्या झोपेचा पहाटेकडे. दिवसभर जे वाचलं ते पक्कं बसण्याचं काम या झोपेतच होतं. साडेतीन तासांत उठलं की पहाटेचा भाग जवळजवळ कापलाच जातो आणि वीस मिनिटांच्या डुलक्या तो भरून काढू शकत नाहीत. शिवाय शरीरात उजेड-अंधारावर चालणारं घड्याळ आहे, ते गजराचं ऐकत नाही. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा शोधणाऱ्यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

डुलकी वाईट, असं मात्र कोणी समजू नये. क्लाउडिओ स्टॅम्पी या संशोधकाने एकट्याने समुद्र पार करणाऱ्या नावाड्यांच्या झोपेचा अभ्यास केला. झोप कमीच मिळणार असेल तर तुकड्यांनी घेतलेली झोप माणसाला निभावून नेते, हे त्यातून पुढे आलं. पण तो वादळातल्या माणसाचा आपत्कालीन उपाय आहे. नावाडी किनाऱ्याला लागला की झोपतो.

वेळापत्रकवाले बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन संशोधकाचं नाव हमखास घेतात. टाइम साप्ताहिकाने १९४३ साली त्याच्याबद्दल छापलं होतं : दर सहा तासांनी अर्धा तास झोप, दिवसाला दोन तास, असं त्याने दोन वर्षं केलं म्हणे. त्याच बातमीत त्याने ते का सोडलं हेही आहे, पण ते कोणी सांगत नाही. त्याच्या धंद्यातले सहकारी इतर माणसांसारखे रात्री झोपत होते, त्यांच्याशी वेळ जुळेना. आणि मुख्य म्हणजे फुलरला डोळे जड झाले की आडवं होण्याची मुभा होती. कंपनीच्या गेटवरच्या गार्डने दुपारी दोनला वीस मिनिटं डोळे मिटले तर त्याचा फोटो काढून सुपरवायझरला पाठवतात.

इथे खरा मुद्दा सुरू होतो, आणि तो मला माझ्या आईने दाखवला. माझे गजर, वही, डुलक्या हे सगळं ती दहा-बारा दिवस बघत होती. एका संध्याकाळी सातची डुलकी घेऊन उठलो तर म्हणाली, "तुहे बाबा असेच झोपत होते ना आयुष्यभर. त्याईले कोणी परयोग नाई म्हटलं."

बाबा कापड गिरणीत होते. रातपाळी करून सकाळी घरी यायचे, पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण, बाहेर नळावरची भांडणं, मे महिन्यात वरून तापलेला पत्रा. दोन तास झोप, मग पाणी, मग रॉकेलची रांग, मग तासभर झोप. मुंबईच्या गिरणगावात तर एकाच खोलीत पाळीपाळीने माणसं झोपत. एक उठून पाळीला गेला की दुसरा त्याच अंथरुणावर. आज पाहा. घंटागाडीवरची ताई चारला उठते. डबल ड्युटी करणारा गार्ड खुर्चीत मान टाकतो. रात्री अकरापर्यंत पार्सल पोचवणारा पोरगा सकाळी सातला कॉलेजात असतो. ज्या वस्तीत नळ रात्री तीनला येतो, तिथली प्रत्येक बाई तुकड्यांतच झोपते. या माणसांच्या जाती मोजा, मग बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' अशा गटात २००७ सालीच टाकलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. म्हणजे जी गोष्ट आपल्या मागच्या पिढ्यांच्या शरीरांनी पगारासाठी सोसली, तीच आता यशाची युक्ती म्हणून आपल्या पोरांना परत विकली जात आहे. जाता जाता शब्दांकडेही बघा : त्यांच्या दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणायचं, रातपाळीहून आलेल्या आपल्या बापाच्या झोपेला आळस.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण शेवटी वाद तिथेच येतो. "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, मग आपण का नाही?" ते अठरा तास कुठून आले हे आधी पाहा. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले पैसे एवढ्या बळावर ते पुन्हा गेले. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसणं, अर्धपोटी राहणं, हे त्या मोजक्या पैशांतून आणि मोजक्या महिन्यांतून आलं. व्यवस्थेने त्यांचा वेळ आधीच लुटला होता, तो ते परत मिळवत होते. त्याची किंमतही त्यांच्या शरीराने मोजली. घटनेचा मसुदा तयार झाला त्या सुमारास मधुमेह, पायांतल्या नसांच्या असह्य वेदना आणि झोप न लागणं यांनी ते बेजार होते, इन्सुलिन घेत होते. उपचारांसाठी ते मुंबईला आले, हे सर्वांना माहीत आहे. त्यांची निद्रानाशाची वेदना आपण पोस्टरवर प्रेरणा म्हणून छापायची का?

आणि याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कारखाना कायद्यातली जी दुरुस्ती मांडली, तिने १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आठवड्याला ७० तास काम करा असं सांगणारे उद्योगपती आज आहेत. आपला वारसा त्यांचा नाही, हे कमी केलेल्या तासांचा आहे.

कोणी बुद्धाचा दाखला देतं : भिक्खूने रात्रीच्या मधल्या प्रहरातच झोपावं, पहिला आणि शेवटचा प्रहर चंक्रमण आणि ध्यानात घालवावा. बरोबर. पण तो भिक्खू सकाळी कारखान्यात जात नव्हता. आणि मज्झिम निकायातलं महासच्चक सुत्त उघडून पाहा. दिवसा झोपता का, असं विचारल्यावर तथागत सरळ मान्य करतात की उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात भिक्षा घेऊन आल्यावर, जेवणानंतर, चिवराची चौपदरी घडी घालून आपण उजव्या कुशीवर झोपलो आहोत. नागपूरच्या माणसाला हे समजायला अट्ठकथा लागू नये.

चोवीस दिवस झाल्यावर ती वही मी अभ्यासिकेत सगळ्यांसमोर ठेवली. आकडे पोरांनी स्वतः वाचले. दोघांनी वेळापत्रक सोडलं. एक अजून वाद घालतो, घालू दे. पण तिथे बसलेला एक जण गप्प होता. तो रात्री आठ ते सकाळी आठ एका गोदामावर गार्ड आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतो. त्याला प्रयोग सोडायची सोयच नव्हती. त्याच्या घरी दिवसा झोपायला जागा नाही.

म्हणून विहाराच्या मागची सामानाची खोली रिकामी केली. खिडकीला जाड काळं कापड लावलं, एक कूलर वर्गणीतून घेतला. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन ती खोली रातपाळीवाल्यांची. काही ज्येष्ठांचा विरोध झाला : "विहार काय झोपायची जागा आहे का?" महिला मंडळातल्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पोरगं रातभर उभं रायते." दुपारचा भोंगा बंद ठेवायचं ठरलं. सध्या तिथे चार जण झोपतात. पाचव्याने परवा विचारलं, पण जागा नाही. समाजभवनाची एक खोली मागायला आम्ही पुढच्या आठवड्यात नगरसेवकांकडे जाणार आहोत. उत्तर नागपुरातल्या ज्या कार्यकर्त्यांना शक्य आहे, त्यांनी सोबत यावं.

जयभीम.