केळीच्या बागेतला धडा

वसईच्या आमच्या गावात कोणी परदेशी निघाले की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याचीच चर्चा चाले. कोणी आखातात जाई, कोणी कॅनडाला. आम्ही उभयता १९९१च्या जूनमध्ये निघालो ते जळगावला, तेथील एका शाळेत इंग्रजी शिकवायला. दादरहून रात्रीच्या गाडीत बसले की पहाटे जळगाव. पण आईने निरोप दिला तो सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्यांना द्यावा तसा. वर सुकेळ्यांची पुडी हाती ठेवली. केळ्यांच्या जिल्ह्यात आम्ही वसईची केळी घेऊन उतरलो!

पहिले काही महिने तो आम्हांला खरोखर परदेशच वाटला. समुद्राचा वारा नाही, घरामागे वाडी नाही. काळ्या मातीचे विस्तीर्ण माळ आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारा पारा. उन्हाळ्यात अवघी गल्ली गच्चीवर झोपे, तशी आम्हीही झोपू लागलो. शेजारच्या काकूंनी कळण्याची भाकरी आणि काटक्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत पाठवून आमचे मासळीवाचूनचे दिवस सुसह्य केले. धर्मग्राम लहानसा होता. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, त्यात हा सारा खानदेश येतो. रविवारी मिस्सा ऐकून आम्ही एस.टी.ने बाहेर पडत असू. कधी तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे मंदिर, कधी अजिंठ्याची लेणी. आठवडाभर शिकवायचे आणि रविवारी पाहायचे, असा आमचा क्रम होता. खरे शिक्षण रविवारीच होत होते, हे पुढे कळले.

त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. (पहिलीपासून ती सक्तीची झाली २००० साली.) पाचवीच्या वर्गात एकदा 'ब्लॅकबोर्ड' म्हणजे काय, असे विचारले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उत्साहाने उठला आणि म्हणाला, "काया फया!" जळगावकडच्या लेवा गणबोलीत 'ळ'चा 'य' होतो. शहरातली मुले खो खो हसली. त्यांना आवरण्याऐवजी आम्ही त्यालाच म्हणालो, "आधी शुद्ध मराठी बोलायला शीक, मग इंग्रजी." तो खाली बसला. त्यानंतर कित्येक आठवडे त्याने वर्गात तोंड उघडले नाही. ते शब्द आम्हां दोघांपैकी कोणाचे होते, हे येथे गौण आहे. त्या संध्याकाळी घरी तो किस्सा सांगून आम्ही दोघेही हसलो होतो.

याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की आम्ही स्वतः सामवेदी बोलीत वाढलेले. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात घरचा शब्द तोंडातून निसटला म्हणून आमच्यावरही वर्ग हसला होता. तो घाव आम्ही विसरलो नव्हतो, आणि तरीही तोच दुसऱ्यावर घातला.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही आसोद्याला गेलो. जळगावपासून जवळच असलेले हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माउलीच्या ओव्या तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने निघाल्या आणि महाराष्ट्र थक्क झाला. त्या ओव्या ज्या बोलीत आहेत, तिच्यावरच आमचा वर्ग हसला होता. हा विचार मनात येतो न येतो तोच रस्त्याकडेच्या केळीच्या बागेतून तोच मुलगा धावत आला. "सर, मॅडम, आमच्या मळ्यात चला!"

त्याच्या आजीने खाटेवर गोधडी अंथरली. ती भराभर बोलत होती आणि आम्हांला अर्धेच समजत होते. तेव्हा वर्गातला तो मुका मुलगा आमचा दुभाषी झाला. एकेका झाडाला हात लावून त्याने आम्हांला बाग समजावली. नव्याने लावलेली ती नवती, पहिला घड उतरल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर घेतलेले पीक ती पीलबाग, आणि बाजारात मागे पडणारा हलका माल ती वापसी. आमच्या वसईच्या वाडीतही केळी होत्या, पण इतके शब्द आमच्यापाशी नव्हते. निघताना त्याने एक फणी आमच्या हाती दिली आणि सहज विचारले, "सर, फणीला इंग्रजीत काय म्हणतात?" आम्हांला ठाऊक नव्हते.

रात्री शब्दकोश उघडला. फणीला इंग्रजीत 'हँड' म्हणतात, आणि तिच्यातल्या एकेका केळ्याला 'फिंगर'. इंग्रज माणसालाही केळीच्या घडात हात आणि बोटे दिसली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे त्या मुलाची क्षमा मागितली आणि त्यालाच फळ्यापाशी बोलावले. त्याने आपले शब्द सांगावेत, आम्ही शेजारी इंग्रजी लिहावे, असा तो तास झाला. तो घडाघडा बोलला. त्या दिवशी कोणी हसले नाही.

१९९४मध्ये आम्ही धुळ्याला गेलो. तेथे मुलांच्या घरी अहिराणी. पहिल्याच दिवशी आम्ही मुलांकडून "तुन्हं नाव काय शे?" शिकून घेतले आणि मगच इंग्रजी प्रश्नाकडे वळलो. रविवारी कधी लळिंगचा किल्ला, कधी १९२७पासून जुनी कागदपत्रे जपणारे राजवाडे संशोधन मंडळ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि सोबतच्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अमळनेरला सहा वर्षे शिकवलेला तो शिक्षक तेथे ऐकायला बसला होता. शिकवणाऱ्याला ऐकता आले पाहिजे, हे आम्हांला आसोद्याच्या मळ्यात उमगले होते.

आपल्या पूर्वसूरींतही असा एक शिक्षक होऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९मध्ये ते गोव्यात आले, लोकांची भाषा शिकले, आणि १६१६मध्ये रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. आधी त्यांनी आपल्या लोकांचे शब्द आपलेसे केले, मगच ख्रिस्ताची कथा सांगितली.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो मुलगा उभा राहिला. आज आम्ही वसईत आहोत. गावातली बहुतेक मुले इंग्रजी शाळेत जातात, आमची नातही जाते. त्याचे दुःख नाही. आम्ही जन्मभर इंग्रजीच शिकवले. पण सामवेदीत बोललो की ती ओशाळते, तेव्हा काळजात काहीतरी हलते.

परवा रविवारी, मिस्साहून आल्यावर, वाडीतली फणी उचलून तिने इंग्रजीत विचारले, "हे काय?" 'हँड' हा शब्द ओठांवर आला होता. तो गिळून आम्ही म्हणालो, "आधी पणजीला विचार." नव्वदीतल्या आमच्या आईने तिला जवळ घेतले आणि आपल्या बोलीत तिच्याशी बोलू लागली. नात ऐकत राहिली.