शिरपूरचा झरोका

अकोल्याहून सुमारें ७० किलोमीटर अंतरावर, वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, शिरपूर जैन हें गांव आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही तेथें गेलों तें अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठीं. ती श्यामवर्ण मूर्ति भूमीस न टेकतां अधांतरीं राहिली आहे अशी ख्याति असून, तीवरूनच देवास ‘अंतरिक्ष’ हें नांव पडलें. दिगंबर व श्वेतांबर पंथांच्या वादामुळें १९८१ पासून देवालयास कुलूप होतें. बेचाळीस वर्षें भाविकांनीं लहानशा झरोक्यांतूनच दर्शन घेतलें. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्यें द्वार उघडलें. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे.

क्षेत्राची आख्यायिका मात्र सांगण्यासारखी आहे. एलिचपूरचा राजा श्रीपाल कुष्ठानें पीडित होता. वनांत फिरतां फिरतां त्यानें येथील पाण्यानें हातपाय धुतले. तो वाड्यांत परतल्यावर राणीच्या ध्यानांत आलें कीं, जेथें जेथें पाणी लागलें तेथील रोग नाहींसा झाला आहे. तिनें खोदून खोदून विचारलें, राजास पुन्हां त्या पाण्याकडे नेलें, आणि पुढें मूर्तीचा शोध लागला, असें सांगतात.

“आणि राणीला काय होत होतें, मावशी?” आमच्या भाचीनें विचारलें.

ही मुलगी परदेशीं वाढलेली. तिकडे आरोग्यशास्त्र शिकते. स्त्रियांच्या प्रजननविषयक आरोग्याचा प्रत्यक्ष अनुभव घेण्यासाठीं तेथील विद्यार्थी दोन-दोन महिने दूरदेशीं जातात. त्याचसाठीं ती विदर्भांतील खेड्यांत राहावयास आली होती. प्रश्न तिनें सहज केला, पण आम्हांस उत्तर सुचेना. राजाच्या व्याधीची चौकशी राणी करते. राणीच्या व्याधीची चौकशी कोणत्या कथेंत आहे?

ती चौकशी झाली ती याच विदर्भाच्या पूर्व टोंकास, गडचिरोलींत. डॉ. राणी व डॉ. अभय बंग हें दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत शिकून परतलें आणि तेथें जाऊन राहिलें. दोन गांवांतील ६५० स्त्रियांची त्यांनीं सहकाऱ्यांसह तपासणी केली. शेंकडा ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वीं अशी तपासणी झालेल्या अवघ्या शेंकडा ८. १९८९ सालीं हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तोंवर खेड्यांतील स्त्रीकडे तज्ज्ञ पाहत ते बहुधा बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या दोन झरोक्यांतूनच. १९९४ सालीं कैरो येथील परिषदेंत १७९ राष्ट्रांनीं प्रजनन-आरोग्याचा व्यापक अर्थ मान्य केला.

एके काळीं विद्यार्थ्यांची वाट उलट होती. चौदाव्या वर्षीं आई होऊन दहा दिवसांचें मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधास विषय घेतला तो आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचा. पुढें तिकडचे विद्यार्थी जामखेडास येऊं लागले. तेथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं आरंभिलेल्या कार्यांत गांवोगांवच्या, पुष्कळशा निरक्षर, स्त्रियांनाच आरोग्यसेविका केलें होतें. पाहुण्या विद्यार्थ्यांस शिकवावयास उभ्या राहिल्या त्या याच बायका!

दोन महिन्यांत कोणाचा रोग बरा होतो, असें कोणी विचारील. होत नाहीं. ज्याच्या हातीं केवळ प्रश्नपत्रिका आहे त्यास बायका ‘कंबर दुखते’ एवढेंच सांगतात; तुरी निवडावयास जवळ बसलेलीच्या कानांत ‘अंगावरून जातें’ हे शब्द कधीं तरी पडतात. आमच्या सुशिक्षित घरांत तरी याहून वेगळें काय घडतें? सख्ख्या बहिणीचें असें दुखणें आम्हांस शस्त्रक्रियेचा दिवस ठरल्यावर कळलें. परंतु नुसतें विचारून निघून जाणें हेंही क्रूरच. बाईनें तोंड उघडल्यावर तिला औषध, आणि पुन्हां येणारें कोणी तरी, मिळावयास हवें.

भाचीचें मराठी घरांत शिकलेलें, वऱ्हाडी तिला कळेना. पहिले पंधरा दिवस कांहींही लिहून घेऊं नकोस, असें आम्हीं तिला सुचविलें. तिच्या विद्यापीठास तें कितपत रुचेल, न कळे.